संग्रहाचें पुण्य आणि संग्रहाचें पाप

'पेटी' म्हटलें कीं मराठी घरांत कोणाच्याही मनांत आधीं सूर उभा राहतो. म्हणून मागील पावसाळ्यांत आमच्या घरीं एक पेटी आली असें कळतांच वडील मंडळींनीं मोठ्या उत्सुकतेनें विचारिलें, कीं भाता कसा आहे आणि सूर कसे लागले आहेत. ही पेटी तसली नव्हती. तिच्यांत सहा तबकड्या होत्या. आणि त्या तबकड्यांत लंडनमधील 'धिस हीट' या त्रिकुटाच्या सहा-सात वर्षांच्या उद्योगाचें सार नव्हे, तर जवळजवळ सारें सांठविलेलें होतें. पहिली तबकडी लावली. कांहीं क्षण यंत्रासारखा एकसुरी नाद येत राहिला, आणि मग एकाएकीं ढोल, गिटार आणि ऑर्गन यांचा असा कल्लोळ उसळला कीं स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, "यंत्र बिघडलें वाटतें?" आम्ही म्हणालों, "नाहीं, हेंच तें संगीत आहे." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, परंतु त्या मौनाचा अर्थ आम्हांस कळला.

हा संच आम्हीं हौसेखातर मिळविलेला नव्हता. आमचे एक स्नेही, गायनाचे शिक्षक, दोन वर्षांपूर्वीं निवर्तले. मैफलीचे गवई म्हणून त्यांचें नांव फारसें झालें नाहीं. परंतु शिकविण्यांत त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या मागें कपाटांत चाळीस-एक कॅसेटी निघाल्या. त्यांवर पहांटेचा रियाज होता, शिकवणी होती, अर्ध्यावर सोडलेल्या बंदिशी होत्या, आणि उतारवयांत फाटत चाललेला त्यांचा आवाजही होता. त्यांच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, यांतलें कांहीं बाहेर गेलेलें यांना रुचलें नसतें. पण पुसून टाकायला माझा हात धजत नाहीं. तुम्हीच सांगा, काय करूं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तेव्हां त्यांच्याच एका शिष्यानें, ज्याला पाश्चात्त्य संगीताचाही नाद आहे, हा संच आमच्या हातीं ठेविला आणि म्हटलें, "काका, आधीं हें ऐका, मग काकूंना काय सांगायचें तें ठरवा."

प्रश्न असा आहे. कलावंताच्या हातून जें जें निघालें तें सर्व, पुरें, अपुरें, फसलेलें आणि टाकलेलें, गोळा करून पेटींत भरणारा मनुष्य त्या कलावंताची सेवा करतो, कीं त्याचा अपराध करतो? कवीच्या समग्र काव्याविषयीं हा प्रश्न जुनाच आहे. परंतु ज्यांनीं प्रयोग हाच आपला धर्म मानिला, त्यांच्याविषयीं तो अधिक तीव्र होतो. प्रयोगाचा प्राण अनिश्चिततेंत असतो. पुढच्या क्षणीं काय होईल हें करणारालाही ठाऊक नसतें, म्हणूनच त्याला प्रयोग म्हणावयाचें. पेटींत बंद झालेल्या प्रयोगाचा शेवट मात्र ठरलेला असतो. मग जें जपलें तें काय, प्रयोग कीं त्याचें कलेवर?

प्रथम या त्रिकुटाची हकीकत सांगितली पाहिजे. चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलन आणि गॅरेथ विल्यम्स हे ते तिघे. १९७६ च्या फेब्रुवारींत लंडन येथें त्यांनीं प्रथम एकत्र वादन केलें. हेवर्ड हा सिद्धहस्त ढोलवादक होता. 'क्वाएट सन' नामक वाद्यमेळांत त्यानें काम केलेलें होतें. बुलन गिटार वाजवी, प्रसंगीं क्लॅरिनेट आणि व्हायोलाही हातीं घेई. विल्यम्सला मात्र संगीताचें शिक्षण मुळींच नव्हतें. दोन जाणत्यांनीं एका अजाणत्याला बरोबरीच्या नात्यानें पंक्तीस बसविलें, ही या त्रिकुटाची पहिली विशेष गोष्ट होय. ज्याला योग्य मार्ग ठाऊक नसतो तो कित्येकदां अशा वाटेनें जातो कीं जाणत्याचें तिकडे पाऊलही वळत नाहीं. जाणत्यांना ही गोष्ट पटणें कठीण. या दोघांना ती पटली होती.

त्याच वर्षीं लंडनमध्यें 'पंक' नांवाचें वादळ उठलें. सेक्स पिस्टल्स यांची पहिली मुद्रिका १९७६ च्या नोव्हेंबरांत निघाली. गाण्याला पांडित्य लागत नाहीं, त्वेष असला कीं पुरे, असा त्या चळवळीचा सांगावा होता. परंतु थोड्याच काळांत त्वेषाचाही सांचा बनला. तेव्हां ज्यांनीं पंकचें स्वातंत्र्य घेतलें आणि सांचा टाकला, त्यांस पुढें 'पोस्ट-पंक', म्हणजे पंकोत्तर, म्हणूं लागले. गंमत अशी कीं आमचें त्रिकूट पंकची पहिली मुद्रिका निघण्यापूर्वींच आपल्या वाटेला लागलेलें होतें, आणि तरीही इतिहासकार त्यास पंकोत्तरांतच बसवितात. कपाटाचे कप्पे आधीं ठरतात आणि वस्तु मागाहून त्यांत कोंबल्या जातात, हा संग्रहाचा दोष येथेंच प्रथम दिसूं लागतो.

दक्षिण लंडनांतील ब्रिक्स्टन भागांत मांसाचे पदार्थ तयार करणारा एक जुना कारखाना बंद पडून तेथें कलावंतांस जागा मिळत असे. त्या कारखान्यांतील मांस थंड ठेवण्याची खोली या तिघांनीं आपल्या अभ्यासासाठीं घेतली आणि तिला 'कोल्ड स्टोरेज', म्हणजे शीतगृह, हेंच नांव ठेविलें. 'धिस हीट' याचा अर्थ 'हा उष्मा'. उष्म्याचा संसार शीतगृहांत थाटला गेला! २००६ सालीं निघालेल्या या पेटीचें नांवही त्यावरूनच 'आउट ऑफ कोल्ड स्टोरेज', म्हणजे 'शीतगृहांतून बाहेर', असें ठेविलें आहे. ज्यानें हें नांव योजिलें त्याचा हेतु कांहींही असो, आमच्या प्रश्नाचें मर्म त्यांत सांपडतें. शीतगृह अन्नाला जिवंत ठेवीत नाहीं. तें केवळ त्याचें कुजणें लांबणीवर टाकतें. तेथून बाहेर काढलेलें अन्न चुलीवर चढलें तरच तें अन्न. नाहीं तर तें दुसऱ्या दिवशीं उकिरड्यावर जावयाचें.

त्या खोलींत काय चाले हें समजल्यावांचून संग्रहाचा न्याय करतां येणार नाहीं. हे तिघे दीर्घकाळ मिळून वाजवीत आणि तें वादन साध्या कॅसेटवर टिपून ठेवीत. मग त्या फिती ते पुन्हां ऐकत, कापीत, जोडीत, उलट फिरवीत, आणि त्यांतून निघालेला नाद पुढच्या वादनांत मिसळीत. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेली त्यांची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७६ ते सप्टेंबर १९७८ इतक्या दीर्घ अवधींत अशा रीतीनें घडली. तींत '२४ ट्रॅक लूप' नांवाची एक रचना आहे. वादनाचा एक लहानसा तुकडा फितीच्या वेटोळ्यांत अडकवून तो फिरत ठेविला, आणि त्याचे निरनिराळे पदर कमी-अधिक करीत, त्यांची उंची बदलीत, हें सर्व रचिलें गेलें. पुढें बारा-पंधरा वर्षांनीं इंग्लंडांतील नृत्यगृहांत जें यांत्रिक तालाचें संगीत घुमूं लागलें, त्याची चाहूल कित्येक श्रोत्यांस या रचनेंत लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपण समजतों कीं गाणें हें आधीं, आणि त्याचें मुद्रण ही मागाहून घेतलेली छाया. या तिघांच्या बाबतींत फीत हें चौथें वाद्यच होतें. जो तुकडा त्या दिवशीं फुकट गेलासा वाटला, तोच सहा महिन्यांनीं एखाद्या रचनेचा कणा होई. टाकाऊ आणि टिकाऊ यांमधील भिंत त्यांनीं स्वतःच पाडली होती. मग त्यांच्या टाकाऊ मालाचा संग्रह करणाऱ्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

तरीही दोष आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत.

पहिला दोष असा, कीं पेटी सर्वांस एका पंक्तींत बसविते. सहा तबकड्यांपैकीं दोन या मूळच्या दोन मोठ्या ध्वनिमुद्रिका आहेत, १९७९ ची पहिली आणि १९८१ ची 'डिसीट'. तिसरी १९८० सालची 'हेल्थ अँड एफिशियन्सी' ही लहान मुद्रिका. चौथीवर १९७७ सालीं बी.बी.सी.वर जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठीं केलेलें वादन आहे. पांचवीवर फितींतून मागाहून निवडलेल्या रचना, आणि सहावीवर १९८० व १९८१ मधील मैफलींचें मुद्रण. पहिल्या तीन त्यांनीं स्वतः पारखून जगापुढें ठेविल्या. उरलेल्या तीन मुद्रिका म्हणून घडविलेल्या नव्हत्या. परंतु पेटींत सहाही सारख्याच आकाराच्या, सारख्याच चकचकीत. 'हॉरिझाँटल होल्ड' ही रचना १९७७ च्या रूपांतही ऐकूं येते आणि १९७९ च्या रूपांतही. घासून जें रूप सिद्ध झालें त्याच्या शेजारीं त्याचें बाळरूप उभें राहतें, आणि श्रोता न कळत विचारूं लागतो, यांतलें बरें कोणतें? हा प्रश्न कलावंतानें आपल्यापुढें कधींच टाकलेला नव्हता. त्यानें निवड केली होती. पेटीनें ती निवड परत घेतली.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. 'हेल्थ अँड एफिशियन्सी'च्या दुसऱ्या बाजूस 'ग्राफिक/व्हॅरिस्पीड' नांवाची रचना होती. ती श्रोत्यानें आपल्या यंत्रावर वाटेल त्या गतीनें वाजवावी अशी योजना होती. मंद गतीनें ती निराळी, जलद गतीनें निराळी. म्हणजे रचनेचा अखेरचा निर्णय श्रोत्याच्या हातीं सोंपविलेला होता. ती घरोघर वेगळी होणार होती. आतां तीच रचना सीडींत उतरली. घरांतील सामान्य सीडीयंत्रास एकच गति. जी वस्तु मुद्दाम अनिश्चित ठेविली होती ती जतन करतांना निश्चित झाली. अक्षर न् अक्षर राहिलें, आणि अर्थ तेवढा गेला. अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या संग्रहांतही असें घडतें, आणि तें कोणाच्या निष्काळजीपणानें घडत नाहीं. संग्रहाच्या स्वभावानेंच घडतें.

तिसरा दोष नैतिक आहे. 'डिसीट', म्हणजे 'फसवणूक', ही मुद्रिका भयांतून जन्मली. १९७९ च्या डिसेंबरांत नाटो राष्ट्रांनीं युरोपांत नवीं अमेरिकन अण्वस्त्रें ठेवण्याचें ठरविलें. १९८० सालीं ब्रिटिश सरकारनें 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका विक्रीस काढून, अणुबाँब पडल्यास दारें काढून भिंतीशीं टेकवून त्यांच्या आड कसें बसावें, याचा उपदेश गृहस्थांस केला. १९८१ च्या सप्टेंबरांत ग्रीनहॅम कॉमन येथें स्त्रियांनीं शस्त्रांविरुद्ध ठिय्या दिला. त्याच वर्षीं ही मुद्रिका निघाली. तिच्या मुखपृष्ठावर एका चेहऱ्यावर चित्रांचे तुकडे चिकटविलेले असून त्यांत अणुस्फोटाचा ढग आहे. एका रचनेंत १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचीं वाक्यें अशा थिजलेल्या स्वरांत म्हटलीं आहेत, कीं सर्व मनुष्यें समान आहेत या वचनाचीच श्रोत्यास शंका यावी. अखेरच्या रचनेचें नांव जपानी असून तें अणुबाँबमुळें जडणाऱ्या व्याधीचा निर्देश करतें. हें संगीत मनोरंजनासाठीं केलेलें नव्हतें. घरास आग लागली असतां शेजाऱ्यास हांक मारावी तसें तें होतें.

ती हांक पंचवीस वर्षांनीं सुबक पेटींतून ऐकणें, तिच्या ध्वनीच्या गुणदोषांची चर्चा करणें, आणि तबकडी परत कप्प्यांत ठेवून चहा घेणें, यांत कांहीं विसंगति नाहीं काय? आम्हांस आहे असें वाटतें. संग्रह भयाचा पुराणवस्तु करून टाकतो. आपण म्हणतों, 'तेव्हां लोक किती भ्यालेले होते!' जणूं भयाचें कारण त्या वर्षांबरोबर मेलें. वस्तुतः ज्या १९८७ च्या करारानें तीं मध्यम पल्ल्याचीं अस्त्रें नष्ट झालीं, तो करारच २०१९ सालीं संपुष्टांत आला. कारण जिवंत आहे. पुराणवस्तु झालें आहे तें आपलें कान.

चौथा दोष संमतीचा. गॅरेथ विल्यम्स २००१ च्या डिसेंबरांत कर्करोगानें वारला. पेटी निघाली त्यानंतर पांच वर्षांनीं. जो गेला त्याला 'हें बाहेर काढूं काय?' असें विचारतां येत नाहीं. काफ्कानें आपलीं हस्तलिखितें जाळावयास सांगितलीं आणि त्याच्या मित्रानें तीं छापलीं. जगानें त्या मित्राचे आभार मानिले. परंतु जगाला लाभ झाला एवढ्यानें मृताची इच्छा मोडल्याचें पाप धुतलें जातें असें आम्हांस वाटत नाहीं. विल्यम्सच्या बाबतींत मात्र हा आक्षेप फार ताणतां येत नाहीं, कारण जुन्या फितींतील रचनांची 'रिपीट' ही तबकडी १९९३ सालीं आणि जॉन पील यांच्या कार्यक्रमाची 'मेड अव्हेलेबल' १९९६ सालीं, अशा दोन्ही त्याच्या हयातींतच प्रसिद्ध झालेल्या होत्या.

आतां दुसरी बाजू. हे चारही दोष मान्य केले तरी, संग्रह नसता तर काय झालें असतें? दोन मोठ्या मुद्रिका आणि एक लहान, इतक्यावरच सारें राहिलें असतें, आणि त्याही थोड्यांच्याच हातीं लागल्या असत्या. बाकी सर्व कोठल्यातरी माळ्यावर पडलेल्या कॅसेटींत हळूहळू झिजून गेलें असतें, कारण चुंबकीय फीत अमर नाहीं. आणि निवडीविषयीं म्हणाल तर कलावंताची निवड ही त्या दिवसाची निवड असते. '२४ ट्रॅक लूप' पहिल्या तबकडींत सहा मिनिटांत संपते. 'रिपीट'मध्यें तेंच द्रव्य वीस मिनिटांपर्यंत पसरलेलें आहे. लहान रूप चुरचुरीत आहे. मोठ्या रूपांत मात्र ऐकणाराची कालाची जाणीवच बदलते. १९७९ सालीं जें मावलें नाहीं त्यास १९९३ सालीं जागा मिळाली. ही निवड परत घेणें खरें, पण हा अन्याय नव्हे.

शिवाय अपुऱ्या रूपांचा एक उपकार असा, कीं तीं तयार रूपाची दहशत मोडतात. केवळ सिद्ध कृति पाहणारा तरुण म्हणतो, 'हे देवाचे लाडके. आपल्याला हें साधावयाचें नाहीं.' तीच कृति चाचपडतांना, अडखळतांना ऐकली म्हणजे त्यास कळतें कीं येथवर पायींच यावें लागतें. ज्या त्रिकुटानें संगीताचें शिक्षण नसलेल्याला बरोबरीचें स्थान दिलें, त्याचा चाचपडण्याचा इतिहास झांकून ठेवणें हें त्याच्याच शिकवणीविरुद्ध झालें असतें.

येथें विल्यम्सच्याच आयुष्यांतील एक गोष्ट आठवते. 'डिसीट'नंतर तो त्रिकूट सोडून हिंदुस्थानांत कथकळी शिकावयास आला. १९८२ सालीं त्रिकुटाचा उद्योगही संपला. ज्याचें वाद्य फीत होतें तो मनुष्य अशा कलेकडे वळला, कीं जी फितीवर ठेवतांच येत नाहीं! कथकळीचा संग्रह शरीरांत होतो. डोळा कसा फिरवावा, बोटें कशीं वळवावीं, हें गुरु शिष्याच्या अंगांत वर्षानुवर्षें मुरवितो. ती कला क्षीण होत चालली असतां कवि वळ्ळत्तोळ यांनीं १९३० सालीं केरळ कलामंडलम् स्थापिलें तेंही याच रीतीनें ती जगविण्यासाठीं. तेथें जुनें जपावयाचें म्हणजे तें करणारा नवा मनुष्य तयार करावयाचा. आमच्याकडेही तुकोबांच्या वह्या बुडाल्या आणि तरल्या असें सांगतात. वह्यांचें कांहींही झालें असो, अभंग मात्र लोकांच्या कंठांत होते म्हणून तरले.

विल्यम्सनें तसा पालट कां केला हें आम्ही सांगूं इच्छीत नाहीं. दुसऱ्याच्या मनांत शिरण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु जतन करण्याचे हे दोन मार्ग शेजारीं ठेविले म्हणजे भेद ध्यानांत येतो. शरीरांत जतन करणारास आयुष्याची किंमत द्यावी लागते. त्यामुळें तो जें घेतो त्याची हेळसांड करूं शकत नाहीं. पेटींत जतन केलेलें घेणारास कांहींच पडत नाहीं. पैसे दिले कीं सहा तबकड्या आपल्या. संग्रहाचें पाप आम्हांस जर कोठें दिसत असेल तर तें या स्वस्तपणांत दिसतें. वस्तु घरांत आली म्हणजे ती आपल्यांत आली, असा जो भ्रम होतो, तो कलावंताचा खरा अपराध होय. आणि तो संग्रह करणारापेक्षां संग्रह विकत घेणाराच अधिक करतो.

म्हणून आमचा निर्णय असा कीं संग्रह हा मालकीचा विषय नसून ठेवीचा विषय आहे. ठेव ठेवून घेणारावर दोन बंधनें येतात. पहिलें, ठेव जशी आहे तशीच सांगावी. कच्चें असेल तें कच्चें म्हणावें, साल असेल तें लिहावें. सरावाला सिद्धीचा मुलामा देऊं नये आणि डागही घासून काढूं नये. दुसरें, ठेवीचा उपयोग ठेवणाराच्या हेतूनें करावा. 'डिसीट' ज्या भयानें केली गेली तें भय आज कोठें आहे हें न विचारतां ती ऐकणें म्हणजे ठेवींत अफरातफर करणें होय.

या दोन्ही बंधनांचा उत्तम नमुना त्या त्रिकुटाच्या हयात सभासदांनींच घालून दिला. २००१ सालीं तिघे पुन्हां एकत्र आले होते, परंतु विल्यम्सच्या मृत्यूनें तो बेत तेथेंच राहिला. पुढें २०१६ च्या फेब्रुवारींत, म्हणजे पहिल्या वादनाला चाळीस वर्षें झालीं तेव्हां, हेवर्ड आणि बुलन यांनीं कांहीं तरुण वादक जमवून लंडनच्या 'कॅफे ओटो'मध्यें तींच जुनीं गाणीं वाजविलीं. जुनें नांव लावलें असतें तर कोणीं हटकलें असतें? परंतु त्यांनीं नांव घेतलें 'धिस इज नॉट धिस हीट', म्हणजे 'हा तो उष्मा नव्हे'. उपनिषदांतील 'नेति'ची आठवण व्हावी असें हें नांव आहे. जो गेला त्याची जागा भरली असें त्यांनीं भासविलें नाहीं, आणि जागा रिकामी आहे म्हणून गाणेंही सोडलें नाहीं. २०१९ पर्यंत ते असे वाजवीत राहिले आणि मग थांबले. शीतगृहांतून काढलेली वस्तु चुलीवर चढली ती येथें.

हा सर्व विचार करून आम्ही एके संध्याकाळीं वहिनींकडे गेलों. त्या शिष्यालाही बरोबर घेतलें होतें. तिघांनीं मिळून कॅसेटी वेगळ्या केल्या. कांहींवर आमच्या स्नेह्यांनीं शिकवतांना शिष्यांस कडक शब्दांत फटकारलेलें होतें. कांहीं शिष्यांना रडूं फुटलेलें ऐकूं येत होतें. ते शिष्य आज हयात आहेत, कोणी स्वतः गुरु झाले आहेत. त्या कॅसेटी बाहेर देऊं नयेत असें आम्हीं सांगितलें. तो कलेचा अपुरेपणा नव्हे. ती दुसऱ्याची लाज आहे, आणि दुसऱ्याची लाज ही आपल्याकडील ठेव होऊं शकत नाहीं. उरलेल्या रियाजाच्या, अडलेल्या तानांच्या, फाटक्या आवाजाच्या. त्यांवर साल आणि राग त्यांच्याच हातचे लिहिलेले होते. आपणच आपला रियाज ऐकावा, चूक हुडकावी आणि दुसऱ्या दिवशीं ती सुधारावी, म्हणूनच तर त्यांनीं तें यंत्र घेतलें होतें. त्या शिष्यांस द्याव्या, विकूं नयेत, स्वच्छ करण्याच्या नांवाखालीं त्यांतील एकही खोंच काढूं नये, असें ठरलें.

वहिनी थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भाऊजी, पण यांचा आवाज फाटलेला पोरांनीं ऐकायचा?" उत्तर आम्हांस द्यावें लागलें नाहीं. तो शिष्य म्हणाला, "काकू, तो आम्ही समोर बसून रोजच ऐकत होतों. फाटला तरी सूर सोडायचा नाहीं, हें त्यांनीं तसेंच शिकवलें."

त्यानें एक कॅसेट लावली. तोडी होती. चौथ्या-पांचव्या आवर्तनांत आवाज चिरकला. फितींत क्षणभर नुसता तंबोरा राहिला. मग त्यांनीं तीच जागा पुन्हां घेतली, आणि पुन्हां. शिष्य हळूच त्यांच्या मागोमाग गाऊं लागला. वहिनींनीं उठून कपाट उघडें टाकलें आणि दिवा लावला.